कारल्याला कोंब येईपर्यंत : बायकांच्या मराठी कवितेतला निसर्ग कसा वाचावा

भोंडल्यातलं एक गाणं बहुतेकींना तोंडपाठ असतं. सून माहेरी जायचं म्हणते. सासू म्हणते, 'कारल्याचं बी पेर ग सूनबाई, मग जा आपल्या माहेरा माहेरा.' सून बी पेरते आणि पुन्हा विचारते. आता कोंब येऊ दे. कोंब येतो, तर वेल होऊ दे. मग फूल, मग कारलं, मग भाजी. ठेका धरून गाणं पुढे जातं, पोरी हसतात आणि खिरापत ओळखायची वेळ होते.

आता बागाईतदाराला विचारून हिशेब करा. कारल्याचं बी रुजून वर यायला आठ-दहा दिवस लागतात. फूल दिसायला सव्वा-दीड महिना. त्यातही आधी नरफुलं येतात आणि त्यांना कारलं धरत नाही. मादीफुलं मागाहून येतात. पहिला तोडा साधारण दोन महिन्यांनी. भोंडला होतो हस्त नक्षत्राच्या सुमाराला, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात. गाणं म्हटलं त्या दिवशी बी पेरलं असं धरलं, तर पहिलं कारलं हाती येईतो दिवाळी होऊन गेलेली असते. सासूने 'नाही' हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही, तरी सुनेचा सण बुडालेला आहे.

बायकांच्या कवितेतला निसर्ग हा असा वाचायचा असतो. 'कारलं म्हणजे सासरचा कडूपणा' एवढं लिहून थांबलं, तर गाण्यातला सगळ्यात क्रूर भाग, म्हणजे मुदत, हातातून निसटतो. झाडं, पाखरं, पाऊस या कवितांमध्ये बंधनाचं माप देतात : किती दिवस, किती अंतर, किती कष्ट. ते माप कसं काढायचं, याची ही पद्धत. महाविद्यालयातला निबंध असो, वाचनकट्ट्यावरची चर्चा असो किंवा आजीच्या ओव्या वहीत उतरवणं असो, तिन्हीकडे ती चालते.

आधी हाताशी काय हवं

एका वेळी तीनच रचना घ्या. एक तोंडी परंपरेतली (ओवी किंवा भोंडल्याचं गाणं), एक बहिणाबाई चौधरींची आणि एक छापील परंपरेतल्या कवयित्रीची. दहा कविता घेऊन बसलं की प्रत्येकीवर दोन-दोन वाक्यं होतात आणि दहाही जणी एकच बोलताहेत असं वाटू लागतं.

ओव्यांसाठी साने गुरुजींनी जमवलेलं 'स्त्रीजीवन' आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा साठा आता 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण जीवनाची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर आहे आणि त्यातल्या पुष्कळ ओव्या प्रत्यक्ष आवाजात ऐकायला मिळतात. शक्यतो ऐकाच. कागदावर सपाट दिसणारी ओवी गळ्यातून येते तेव्हा कुठल्या शब्दावर ती रेंगाळते हे कळतं.

बहिणाबाईंच्या बाबतीत पाठ तपासून घ्या. त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो : 'मिळते' नव्हे, 'मियते'. इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच प्रतींमध्ये कुणीतरी शुद्धलेखनाच्या उत्साहात बोलीच पुसून टाकलेली असते. त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, निघालेल्या संग्रहाची पुढची कुठलीही नीट छापलेली आवृत्ती चालेल.

याशिवाय एक मराठी महिन्यांची दिनदर्शिका, दोन रंगांच्या पेन्सिली आणि वहीचं एक कोरं पान. एका कवितेला दोन तास धरा, तेही एका बैठकीत नकोत. पहिलं वाचन आणि तक्ता आज, तपासणी उद्या.

पायरी १ : चार रकान्यांचा तक्ता

पानावर चार रकाने आखा : वस्तू, क्रियापद, जागा, वेळ. कवितेतली निसर्गातली प्रत्येक गोष्ट पहिल्या रकान्यात येईल. ती काय करते ते दुसऱ्यात. उंबरठ्याच्या आत, दारात, अंगणात, वेशीत की वेशीबाहेर, हे तिसऱ्यात. चौथ्यात प्रहर, नक्षत्र, ऋतू, जे काही कवितेने दिलं असेल ते. मग दुसऱ्या रंगाने त्याच रकान्यांत कवितेतली बाई भरा. ती काय करते, कुठे करते, केव्हा करते. या पायरीला अर्थ लावायला बंदी आहे. ही बंदी पाळणं सगळ्यात अवघड जातं.

इंदिरा संतांच्या पावसाच्या कवितेवर करून पाहू :

नको नको रे पावसा, असा धिंगाणा अवेळी
घर माझे चंद्रमौळी आणि दारात सायली

पाऊस कौलांवर नाचतो, घरात गळतो, वेलीशी झोंबतो, दारातून झेपावतो, नेसूचं जुनेर भिजवू पाहतो. पुढे बाई त्याला वेशीपुढे आठ कोस धावत जायला सांगते. विजेने कडाडून वाटेवरच्या सख्याला मागे फिरवावं, अशी तिची मागणी आहे. पावसाच्या रकान्यात क्रियापदांची रांग लागते आणि जागा कौलापासून वेशीपलीकडे पसरत जाते. बाईचा रकाना पाहा. भांडी कुठून आणू म्हणणं, सोसणं, विनवणं. पुढे पावसाने तिचं ऐकलं तर घरातली लोटीवाटी त्याच्यासाठी मांडणं. एकही क्रियापद पायांचं नाही. जागा एकच : घर आणि दार.

कोस म्हणजे ढोबळमानाने तीन किलोमीटर. आठ कोस म्हणजे चोवीसेक किलोमीटर. सख्याला परत आणायला चोवीस किलोमीटर कुणीतरी जायला हवं, आणि ते तिने स्वतः जाण्याची शक्यता कवितेत निषेधापुरतीसुद्धा येत नाही. ती पावसाला पाठवते. हे अंतर तक्ता न मांडता सहसा दिसत नाही, कारण कविता इतकी लाडिक लयीत चालते की वाचणारा लयीबरोबर वाहून जातो. आणखी एक गोष्ट तक्त्यात सापडते. सुरुवातीला ज्या धिंगाण्याला ती 'नको' म्हणते, सखा परत आणलास तर तोच धिंगाणा हवा तितका घाल, असं शेवटाकडे म्हणते. जिला बाहेर पडायची मुभा नाही ती पावसाला मुभा देते, आणि मोबदल्यात देण्यासारखं तिच्याजवळ फक्त स्वतःचं गळकं घर आहे.

पायरी २ : खरी वस्तू तपासा

बहुतेक विद्यार्थी ही पायरी गाळतात आणि बहुतेक चांगल्या गोष्टी इथेच सापडतात. कवितेत आलेलं झाड, पाखरू, पीक प्रत्यक्षात कसं वागतं ते बघा. पक्ष्यांचं पुस्तक उघडा, शेतकऱ्याला विचारा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मग कवितेशी ताडून पाहा. जुळलं तर माप मिळतं, कारल्यासारखं. जुळलं नाही तर जास्तच मिळतं.

बहिणाबाईंचा 'खोपा' घ्या :

अरे खोप्यामधी खोपा सुगरणीचा चांगला
देखा पिलासाठी तिनं झोका झाडाले टांगला

सुगरण पक्ष्यात खोपा विणतो नर. पावसाळ्यात गवताची आणि पात्यांची चिवट सुतं काढून तो बाभळीवर, शिंदीवर, बऱ्याचदा पाण्यावर झुकलेल्या फांदीला खोपा लटकवतो. अर्धा विणून झाला की मादी येऊन पाहणी करते. पसंत पडला तर बोगद्यासारखं तोंड पुरं होतं. नाही पडला तर तो दुसरा विणायला घेतो. एका झाडावर अर्धवट सोडलेले खोपे दिसतात ते यामुळे.

मग बहिणाबाई चुकल्या का? शेतात आयुष्य काढलेल्या बाईची नजर कच्ची होती, हे म्हणणं धाडसाचं आहे. पक्ष्याचं नावच पाहा. 'सुगरण' हा शब्द स्त्रीलिंगी आणि तोच शब्द स्वयंपाकात हात असलेल्या बाईसाठी. घर निगुतीने उभं करायचं काम भाषेने आधीच बाईच्या नावावर चढवून ठेवलेलं आहे. पाखरू नर असलं तरी ते 'ती' होऊनच कवितेत येतं. निबंधात हे लिहायचं असेल तर 'निसर्गात काम नराचं, नाव मात्र बाईचं' ही विसंगती दाखवा आणि तिथे थांबा. 'म्हणून कवितेत उपरोध आहे' असं लिहू नका. तसा पुरावा ओळींत नाही. कवितेचा रोख पुढे माणसाकडे वळतो : इवल्या चोचीने एवढं होतं, तुला तर दोन हात आणि दहा बोटं दिली आहेत. तो कौतुकाचा आणि कानउघाडणीचा सूर आहे, तक्रारीचा नाही.

सायली, जाई, जुई, मोगरा आले की ते कुठे लावले आहेत ते पाहा : दारात, परसात, कुंपणावर की रानात. वेल असेल तर कशावर चढवला आहे? मांडव कुणी घातला? नदी असेल तर वाहती की आटलेली, आणि बाई तिथे घागर घेऊन आली आहे की धुणं? ऋतू असेल तर त्या महिन्यात लेकी माहेरी येत होत्या का? नागपंचमी, गौरी, दिवाळी या माहेरपणाच्या ठरलेल्या जागा. श्रावणातला पाऊस आणि वैशाखातलं ऊन यांचा बायकांच्या गाण्यातला अर्थ हवामानावर कमी आणि माहेरच्या वाटेवर जास्त ठरतो.

पायरी ३ : सांधा शोधा

जात्यावरच्या ओवीची घडण सोपी आहे. पुष्कळ ओव्यांत पहिली ओळ बाहेरचं काहीतरी दाखवते, झाड, पाऊस, पाखरू, वाट, आणि दुसरी ओळ घरात शिरते : भाऊ, लेक, सासू, आई. दोन्ही ओळी जिथे एकमेकींना लागतात तो सांधा. 'जसा', 'तशी' असा जोडशब्द असेल तर सांधा उघडा. पुष्कळदा तो नसतोच. दोन ओळी नुसत्या शेजारी ठेवलेल्या असतात आणि संबंध ऐकणारीने लावायचा असतो. सोबत जातं ओढणाऱ्या जावेला तो बरोबर लागतो, ओटीवर झोपलेल्याला लागेलच असं नाही.

यावरून एक सोयीस्कर सिद्धांत नेहमी मांडला जातो : बायकांना उघड बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी निसर्गाच्या आडून सांगितलं. अर्धवट खरं आहे. 'अस्तुरी जन्म नको घालू श्रीहरी, रात न दिस परायाची ताबेदारी' ही ओवी काय आडून बोलते? तिच्यात पानफूलसुद्धा नाही. वेगवेगळ्या पाठांत ती महाराष्ट्रभर सापडते. म्हणजे सरळ बोलायची वाट होती आणि बायका ती वापरत होत्या. निसर्ग येतो तेव्हा केवळ आडोशासाठी येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी विचारा : हीच गोष्ट सरळ सांगितली असती तर काय हरवलं असतं? कारल्याच्या गाण्यात मुदत हरवली असती. पावसाच्या कवितेत आठ कोस हरवले असते. उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तर ती प्रतिमा सजावटीची आहे असं निर्धास्त लिहा. चांगल्या कवींच्याही काही प्रतिमा सजावटीच्या असतात.

सांधा पाहायला भोंडल्यातलं 'अक्कण माती चिक्कण माती' उत्तम. मातीत खड्डा खणायचा, खड्ड्यात जातं रोवायचं, जात्यावर सपीटी दळायची, सपीटीच्या करंज्या, करंज्या तबकात, तबकावर शेला, शेला पालखीत, पालखी माहेरी. प्रत्येक गोष्ट 'सुरेख' आहे आणि प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीत जाऊन बसते. शेवटी :

अस्सं माहेर सुरेख बाई खेळाया मिळतं
अस्सं सासर द्वाड बाई कोंडून मारितं

माती खणण्यापासून पालखी धाडण्यापर्यंत सगळं घडतं आहे. करंज्या माहेरी पोचतात, करणारी मागे राहते. 'कोंडून' हा शब्द वाचताना गाण्यात मागे जा : खड्ड्यात रोवलेलं जातं, झाकलेलं तबक, पालखीत ठेवलेला शेला. आत ठेवणं, झाकणं, रोवणं गाण्यात पहिल्यापासून चाललेलं होतं, तेव्हा ते सुरेख वाटत होतं. मुलांच्या खेळगाण्यांच्या पुस्तकांत ही शेवटची ओळ कधी सौम्य केलेली आढळते. निवडलेल्या प्रतीत ती तशी असेल तर दुसरी प्रत शोधा.

पायरी ४ : बंधनाला नेमकं नाव द्या

'स्त्रीचं दुःख', 'स्त्रीची घुसमट', 'पुरुषसत्ताक व्यवस्था' हे शब्द पहिल्या कच्च्या लेखनात वापरायचेच नाहीत असं ठरवा. त्यांच्या जागी कशाला मनाई आहे ते लिहा. जाण्याला? वेळेला? खाण्याला? बोलण्याला? कुंकू लावायला? माहेरच्या जमिनीवर हक्क सांगायला? प्रत्येक कवितेत यातलं एखाद-दुसरंच असतं.

बहिणाबाईंच्या 'लपे करमाची रेखा'मध्ये ते कुंकू आहे : कपाळावरची कर्माची रेघ कुंकवाखाली लपली होती, कुंकू पुसलं गेलं आणि रेघ उघडी पडली. तेराव्या वर्षी लग्न, तिशीच्या आसपास वैधव्य, हा तपशील इथे ठेवायला हरकत नाही, कारण कविता स्वतःच कुंकवाबद्दल आहे. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' याला मात्र तेच चरित्र चिकटवलं की कविता लहान होते. तिथला चटका भाकरी थापणाऱ्या प्रत्येक हाताचा आहे.

सोबत सालंही मांडा. सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' १८५४ चा. त्यात पिवळा चाफा, जाईचं फूल, गुलाब यांवर कविता आहेत आणि फुलपाखरू आणि फुलाची कळी यांच्यावरही एक आहे. विधवाविवाहाचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी, १८५६ मध्ये झाला. मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा १९२९ चा. हा कालपट समोर असला की एक साधी गोष्ट जड होते : फुलपाखरू उडून जाऊ शकतं, कळीला देठ सोडता येत नाही.

पायरी ५ : कुठे थांबायचं

वाचन रंगात आलं की प्रत्येक चिमणीत बंदिनी दिसू लागते. त्यावर तीन तपासण्या.

पहिली, कवितेचा उघड विषय काय? मुक्ताबाईंची 'मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी' ही ओळ स्त्रीच्या भरारीसाठी भाषणांत सर्रास वापरली जाते. ते आहे कूट. योगानुभवाचं कोडं उलट्या प्रतिमांत घातलेलं. मुंगी मराठीत स्त्रीलिंगी आहे एवढ्यावर स्त्रीमुक्तीचा इमला उभा राहत नाही. जनाबाईंचा अभंग जरा वेगळा :

पक्षी जाय दिगंतरा, बाळकासी आणी चारा
घार हिंडते आकाशी, झांप घाली पिल्लांपासी
माता गुंतली कामासी, चित्त तिचे बाळापाशी

विषय विठ्ठलाचं आईपण. ते आधी लिहा. त्यानंतर पहिल्या पायरीतला तक्ता काढून जागांचा रकाना वाचा : दिगंतर, आकाश, आणि मग काम. पाखराला क्षितिज आहे, घारीला आभाळ आहे, बाईच्या वाट्याला जागेच्या ठिकाणी काम आलं आहे. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेल्या जनाबाईंनी हे हेतूने मांडलं की सहज आलं, ते ठरवायची गरज नाही. ओळीत ते आहे. दुय्यम थर म्हणून मांडलं तर हे वाचन टिकतं. मुख्य अर्थ म्हणून मांडलं तर कोसळतं.

दुसरी, बोलणारी बाई आहे, पण लिहिणारं कोण? विरहिणीची परंपरा ज्ञानेश्वरांपासून आहे. 'घनु वाजे घुणघुणा'मधली व्याकूळ स्त्री हे भक्ताने घेतलेलं रूप आहे. लावणीत तर शाहिराने बाईच्या तोंडी घातलेला मोगरा बहुधा ऐकणाऱ्या पुरुषासाठी फुललेला असतो. या रचना बाजूला ठेवा असं नाही. त्यांचा वेगळा गट करा आणि बाईच्या रचनेशेजारी ठेवून तक्ते जुळवा. पुरुषाने लिहिलेल्या विरहिणीत घरकामाची क्रियापदं फारशी नसतात, हे पाच-सहा रचनांत लक्षात येईल.

तिसरी, निसर्ग कुणाला मोकळा होता? पाणवठा, नदी, विहीर म्हणजे बायकांची भेटायची, मन मोकळं करायची जागा, असं वाक्य हमखास लिहिलं जातं. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. गावच्या विहिरीपासून लांब घागर घेऊन थांबणाऱ्या बाईच्या कवितेत पाण्याची प्रतिमा वेगळी असणार. तिथे उंबरठ्याच्या आत-बाहेर या मापाने भागत नाही, कारण तिला कामासाठी बाहेर पडावंच लागतं. अडवणूक बाहेरच आहे. म्हणून दलित कवयित्रींच्या कविता वाचताना तक्त्यात पाचवा रकाना जोडा : 'कुणाची'. विहीर कुणाची, शेत कुणाचं, ज्याखाली टेकायचं ते झाड कुणाच्या बांधावरचं.

काय बिघडतं आणि का

सगळ्यात जास्त नुकसान प्रतीकांच्या तयार यादीने होतं. वेल म्हणजे स्त्री, वृक्ष म्हणजे पुरुष, पिंजरा म्हणजे संसार, पाखरू म्हणजे मन. संस्कृत काव्यापासून ही यादी चालत आली आहे आणि मार्गदर्शक पुस्तकांनी ती पक्की केली आहे. बहिणाबाई तिला जुमानत नाहीत. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' मध्ये मन पाखरू नाही, ओढाळ जनावर आहे. हाकललं तरी पुन्हा पिकात शिरणारं. उभ्या पिकात जनावर शिरणं म्हणजे शेजाऱ्याशी भांडण आणि पोटाला चिमटा. राखणीला बसलेल्या माणसाला सुचणारी ही प्रतिमा आहे, आणि राखण करणारी व हाकलूनही न ऐकणारं ढोर, दोन्ही एकाच बाईत आहेत. यादी हातात घेऊन हे सापडणार नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळीकडे रडका सूर लावणं. भोंडल्याची गाणी फेर धरून, टाळ्या देत म्हणतात. त्यांत सासरच्या माणसांची बेधडक टिंगल असते. कारल्याची मुदत क्रूर आहे आणि गाणं हसवतं, ही दोन्ही वाक्यं लेखात असायला हवीत. एक वगळलं की दुसरं खोटं पडतं.

तिसरी चूक चरित्राची. इंदिरा संतांचे पती ना. मा. संत १९४६ मध्ये गेले. त्यामुळे पावसाच्या कवितेतला वाटेवरचा सखा म्हणजे तेच, असं वाचायचा मोह होतो. वाचा, पण आधी ओळींवर उभं राहील तेवढं लिहा आणि चरित्र शेवटी, एका वाक्यात. क्रम उलटा झाला की चोवीस किलोमीटरचं अंतर कुणी मोजतच नाही.

लिहायला बसताना

एका कवितेवर साडेतीनशे ते चारशे शब्द पुरतात. सुरुवात तक्त्यातल्या एका ठोस विसंगतीने करा. कवीची ओळख, पुरस्कार, 'मराठी साहित्यात मोलाचं स्थान' हे सगळं खाली ढकला. बहुधा नंतर ते लागणारच नाही. एका परिच्छेदात एकच प्रतिमा. ओळ उद्धृत केली की त्याच परिच्छेदात तिच्यातला एक तरी शब्द उचलून त्याबद्दल बोला. नाही तर ती ओळ लेखात भिंतीवरच्या तसबिरीसारखी टांगलेली राहते. बोलीतले शब्द कंसात प्रमाण मराठी देऊन मारू नका. 'वढाय'चा अर्थ वाक्यातूनच कळेल असं वाक्य रचा.

घरातल्या ओव्या उतरवताना

हीच पद्धत छापील पुस्तकाऐवजी घरातल्या किंवा गावातल्या बाईवर वापरायची असेल, तर आधी म्हण आठवा : जात्यावर बसलं की ओवी सुचते. खुर्चीवर बसवून, समोर मोबाइल धरून 'आजी, ओवी म्हणा' म्हटलं की आजीला एकही आठवत नाही. जातं असेल तर दोन मुठी ज्वारी टाकून ओढायला बसवा. नसेल तर निवडणं, पाखडणं, वाती वळणं, असं हाताला लय देणारं कुठलंही काम चालतं. दोघी असतील तर उत्तम. एकीने सोडलेली ओळ दुसरी पुरी करते.

ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्या, आणि कुठे वापरणार तेही सांगा. सासू-सुनेच्या ओव्या घरात ऐकायला गंमत वाटते. त्याच गावभर फिरल्या तर म्हणणारीला त्रास होऊ शकतो. मोबाइल विमान-स्थितीत टाका आणि जात्यापासून हातभर लांब, घडी घातलेल्या कापडावर ठेवा. फरशीवर ठेवला तर घरघर शब्द गिळून टाकते. एका वेळी अर्ध्या तासाहून जास्त नको. उतरवताना उच्चार ऐकू आला तसाच लिहा आणि शंका असेल तिथे जागा मोकळी सोडा.

मग तक्ता घेऊन तिच्याशेजारी बसा. 'या ओवीचा अर्थ काय?' असं विचारू नका, उत्तर 'अर्थ काय, देवाचं नाव' असंच मिळेल. झाडाबद्दल विचारा. हे झाड कुठलं, कुणाच्या शेतात होतं, फुलं कोण तोडायचं, तिथवर एकटीला जाता यायचं का. आईच्या घरून सासरी यायला किती वेळ लागायचा, मधे नदी होती का, पुराच्या दिवसांत काय करायचे. वही तयार ठेवा, कारण झाडाबद्दल विचारलं की आजी माणसांबद्दल बोलू लागते.